जैन घरे : एक

जनगणनेच्या पुस्तकात प्रत्येक गावाला एक ओळ मिळते. जिल्ह्याच्या जनगणना पुस्तिकेत गावाचे नाव, क्षेत्रफळ, कुटुंबे, माणसे आणि पुढे शाळा, दवाखाना, टपाल, बस, रेल्वे असे रकाने असतात. एखादी सोय गावात नसली, तर ती किती दूर आहे हे एका अक्षराने सांगितलेले असते. पाच किलोमीटरच्या आत असेल तर एक अक्षर, पाच ते दहाच्या दरम्यान असेल तर दुसरे, दहाच्या पुढे असेल तर तिसरे. दहाच्या पुढे म्हणजे अकरा की चाळीस, हे त्या अक्षराला ठाऊक नसते.

पाथर्डी तालुक्यात, गर्भगिरीच्या डोंगरांजवळ वसलेल्या एका लहानशा गावाची अशी ओळ कागदावर उतरवून घेऊन एक नात दिवाळीच्या सुट्टीत आपल्या दादाजींकडे आली. पुण्याच्या महाविद्यालयाने तिला विषय दिला होता : आपल्या मूळ गावाची लोकसंख्या आणि दळणवळण. वडिलांनी तिला निघताना सांगितले होते, "जे विचारायचे ते याच दिवाळीत विचारून घे. कार्तिकी पौर्णिमेनंतर दादाजी-दादीजींना पुण्याला आणायचे ठरले आहे. दुकान बंद होईल."

गावात ते दुकान म्हणजेच जैन समाज होता. शेठजींच्या लहानपणी गावात ओसवालांची नऊ घरे होती. किराणा, कापड, भुसार, एक सोनाराच्या पेढीशेजारचे सराफी दुकान, असा तो छोटा बाजार होता. पर्युषणाचे आठ दिवस स्थानकात पाय ठेवायला जागा नसे. मग एक घर नगरला गेले, दोन पुण्याच्या मार्केट यार्डात, एक औरंगाबादला, एक थेट चेन्नईला. स्थानकाची मागची भिंत पावसात खचली, तेव्हा ती उभारायला वर्गणी देणारे सगळे गावाबाहेरचे होते आणि त्या भिंतीच्या सावलीत बसणारे गावात कोणी उरले नव्हते. भिंत उभी राहिली नाही. तेव्हापासून विहारातील साधू-साध्वी शेठजींच्या दुकानामागच्या ओसरीवर उतरत.

नातीने आपला कागद दादाजींसमोर ठेवला. रेल्वेच्या रकान्यात तिसरे अक्षर होते. शेठजी हसले. "बेटा, माझे आजोबा पहिल्यांदा रेल्वेत बसले ते नगरला. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला, आणि त्याच मार्गाने आपला माल येऊ लागला. नगरपासून इथपर्यंत मात्र बैलगाडी. करंजी घाटात दोन गाड्यांचे बैल एका गाडीला जुंपावे लागत. पाथर्डीला अजूनही रेल्वे नाही. २०२२ साली नगरहून आष्टीला गाडी सुरू झाली, पण ती आपल्या दक्षिणेकडून गेली."

"आणि बस?"

"एस.टी.ची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला धावली, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात. पण आपल्या गावात ती यायला पुष्कळ वर्षे लागली. त्यासाठी आधी दुष्काळ यावा लागला."

तो दुष्काळ १९७२ चा. पाण्यावाचून जमीन भेगाळली होती आणि सरकारने रोजगारासाठी दुष्काळी कामे काढली होती. गावची बायामाणसे उन्हात बसून खडी फोडत होती. परदेशातून आलेला तांबडा मिलो रेशनवर मिळत होता, मुलांना सुकडी वाटली जात होती. त्या खडीचा जो रस्ता झाला, तो गावापासून नगर-पाथर्डी मार्गापर्यंतचा. मजुरीचे पैसे आठवड्याने, कधी पंधरवड्याने हाती येत आणि तोवर चूल दुकानाच्या उधारीवर पेटे. शेठजी तेव्हा ऐन पंचविशीत होते. खतावणीची त्या वर्षाची पाने त्यांनी नातीला काढून दाखवली. प्रत्येक घराच्या नावापुढे ज्वारी, गूळ, मीठ, रॉकेल, काड्यापेटी अशा नोंदी होत्या. "हीसुद्धा जनगणनाच आहे," ते म्हणाले. "कोणत्या घरात खाणारी तोंडे किती, हे सरकारी माणसाला दहा वर्षांनी कळते. किराणा दुकानाला ते दर आठवड्याला कळते."

रस्ता झाला. त्यावरून बस आली, आणि बसमध्ये बसून गाव तिसगावच्या, पाथर्डीच्या बाजाराला जाऊ लागले. जे साखर-तेल पूर्वी शेठजींच्या तराजूवर मोजले जाई, ते शहरातल्या मोठ्या दुकानांतून येऊ लागले. त्याच बसने शेठजींची मुले नगरला शिकायला गेली आणि शिकून पुण्याला गेली. ज्या खडीसाठी दुकानाने ज्वारी उधार दिली, त्याच खडीवरून दुकानाचे गिऱ्हाईक गेले आणि घरातली माणसेही गेली. शेठजी हे सांगताना रस्त्याला दोष देत नव्हते. रस्ता दोन्ही बाजूंनी चालायचा असतो. माणसे एकाच बाजूने चालली, एवढेच.

नातीने दुसरा प्रश्न विचारला. २०११ च्या जनगणनेत गावाची म्हणून जी माणसे मोजली, तेवढी आता गावात दिसत का नाहीत?

त्याचे उत्तर त्या वेळी दारातच उभे होते. दिवाळीचा सण संपतो न संपतो तोच ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या वेशीपाशी लागल्या होत्या. भांडीकुंडी, पत्रे, चिपाडे, शेळ्या, लहान मुले, सगळे एकावर एक रचले जात होते. पाथर्डी-शेवगावचा आणि शेजारच्या बीडचा हा पट्टा ऊसतोडणी मजुरांचा. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी पाच-सहा महिन्यांसाठी सांगली, कोल्हापूर, कर्नाटकाकडच्या कारखान्यांच्या फडांवर जातात. पूर्वी ती बैलगाड्यांनी जात. बैलांच्या गळ्यातल्या घंटांचा आवाज रात्रभर येत राही. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारी या दिवसांत झाली. फेब्रुवारीत ऊस तोडणीचा हंगाम ऐन भरात असतो. घरांवर नंबर टाकलेले होते, पण अर्ध्या घरांच्या कड्यांना कुलपे होती आणि म्हातारी माणसे ओट्यावर बसून लेकरांची नावे सांगत होती.

"मग आपली नोंद?" नातीने विचारले.

शेठजींना तो दिवस चांगला आठवत होता. गणना करायला आलेले गुरुजी गावच्याच शाळेत शिकवणारे होते. धर्माच्या रकान्यात त्यांनी सवयीने दुसरेच काही लिहायला घेतले, तेव्हा शेठजींनी त्यांचा हात थांबवला आणि 'जैन' असे लिहायला लावले. समाजाच्या सभांतून, व्याख्यानांतून तेव्हा हेच सांगितले जात होते. त्या गणनेत साऱ्या देशात जैनांची संख्या ४४,५१,७५३ भरली, त्यांपैकी १४,००,३४९ महाराष्ट्रात होते. कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. देशातल्या दर पाच जैनांपैकी चार शहरांत राहत होते. "त्या पाचव्यातला एक मी," शेठजी म्हणाले. आता पुढच्या गणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख जाहीर झाली आहे. त्या वेळी शेठजी पुण्यात मोजले जातील आणि गावाच्या ओळीतला तो आकडा शून्य होईल.

ही गोष्ट बोलता बोलता सहज निघाली, पण ती म्हटल्यावर शेठजी बराच वेळ गप्प राहिले. नात समजली की दादाजींना घराचे वाईट वाटते आहे. खरे कारण दादीजींना ठाऊक होते. त्या आतून एक पातळशी पुस्तिका घेऊन आल्या. तिची पाने वाकून वाकून मऊ झाली होती.

ती विहाराची मार्गदर्शिका होती. तिच्यातही प्रत्येक गावाला एक ओळ होती. गावाचे नाव, मागच्या गावापासूनचे अंतर, उतरण्याची जागा, जैन घरे. साधू-साध्वी वाहनात बसत नाहीत. सूर्योदयानंतर अनवाणी निघावे, ऊन चढण्यापूर्वी पुढच्या मुक्कामी पोहोचावे, अशी त्यांची चाल. दहा-बारा किलोमीटरवर एखादे गाव हवेच, जिथे छप्पर मिळेल, अचित्त पाणी मिळेल, दोन घास मिळतील. शहरातल्या मोठ्या स्थानकांत चातुर्मास होतात. पण एका चातुर्मासातून दुसऱ्या चातुर्मासापर्यंत जो मार्ग जातो तो अशा लहान गावांच्या खांद्यावरून जातो. पाथर्डी तालुक्याला तर हे सांगावे लागत नाही. आचार्य सम्राट आनंदऋषीजी महाराज १९०० साली याच तालुक्यातल्या चिचोंडीत जन्मले, १९१३ साली याच तालुक्यातल्या मिरीत त्यांची दीक्षा झाली. १९६४ साली ते श्रमण संघाचे आचार्य झाले. २८ मार्च १९९२ रोजी नगरला त्यांनी देह ठेवला. एवढ्या दीर्घ साधुजीवनात ते जिथे जिथे गेले, तिथे पायीच गेले.

पुस्तिकेतल्या त्या गावाच्या ओळीत लिहिले होते : जैन घरे – १.

नातीला वाटले, आता सारे उलगडले. "म्हणजे आपण गेलो, तर महासतीजींना इथे गोचरी मिळणार नाही."

दादीजी हसल्या. "बेटा, आपल्या घरची गोचरी त्यांना या गावात कधी चाललीच नाही."

नातीला हे नवीन होते. दादीजींनी समजावून सांगितले. ज्याच्या जागेत साधू उतरतात, जो त्यांना राहण्याची आज्ञा देतो, तो शय्यातर. शय्यातराच्या घरचा आहार साधूंना कल्पत नाही. ज्याने छप्पर दिले, त्याच्यावर अन्नाचाही भार पडू नये, असा त्या नियमामागचा विवेक आहे. स्थानक पडले, साधू-साध्वी आपल्या ओसरीवर उतरू लागले, आणि तेव्हापासून आपल्या घरची भाकरी त्यांच्या पात्रात पडणे बंद झाले. गावात दुसरे जैन घर तर उरलेच नव्हते.

"मग?"

"मग काय? गाव होते ना."

समोरच्या माळकरी घरात एक आजी आहेत. गळ्यात तुळशीची माळ, दर आषाढीला पंढरपूर. घरात मांस-मच्छी कधी शिजली नाही. पहिल्यांदा महासतीजी त्यांच्या दारी उभ्या राहिल्या तेव्हा त्या घाबरल्या. ताज्या भाकरी करायला धावल्या. महासतीजींनी सांगितले, आमच्यासाठी केलेले आम्हांला चालत नाही, घरच्यांसाठी केलेल्यातलेच थोडे द्या, पुन्हा चूल पेटवू नका. आजींना हे फार आवडले. बाजरीची भाकरी, मुगाचे वरण, असेल तर ताक. पाणी घरच्यांसाठी तापवलेले, किंवा राखेने भांडी घासून धुतल्यावरचे धोवण. पुढे गावात नळ आले, भांडी घासायला साबण आला आणि राख संपली, तरी त्या एका घरात मडक्यात राख जपून ठेवलेली असे. एका घरावर भार नको म्हणून साध्वी आणखी चार-पाच घरी जात. हळूहळू त्या घरांनाही सारे समजले : सूर्यास्तानंतर काही द्यायचे नाही, दारात हिरव्या भाजीला किंवा पेटत्या चुलीला हात लावून मग वाढायचे नाही, आग्रह करायचा नाही.

म्हणजे पुस्तिकेच्या ओळीत एक घर लिहिले होते, आणि साध्वींचे पोट त्या एकाखेरीज इतर घरांनी भरले होते. ती घरे कोणत्याच रकान्यात नव्हती.

"मग तुम्हांला वाईट कशाचे वाटते, दादाजी?"

शेठजींनी खतावणीच्या कपाटातून आणखी एक वही काढली. ती त्यांच्या आजोबांच्या हातची होती, मोडीत लिहिलेली. नातीला ती वाचता येईना. शेठजींनी बोट ठेवून वाचले. समोरच्या माळकरी घराचे शेत त्या वहीत गहाण होते. मग व्याज चढले, आणि एक दिवस ते शेत दुकानाचे झाले. त्या घरातले लोक आपल्याच शेतात कूळ म्हणून राबू लागले. "१८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, हे तू इतिहासात शिकली असशील. आपल्या वह्या वाचल्या. आजोबा ते अभिमानाने सांगायचे. मला त्यात अभिमानासारखे काही दिसले नाही. पुढे कूळ कायदा आला आणि शेत ज्याचे त्याच्याकडे परत गेले. पण ते कायद्याने गेले. आपण दिले नाही."

ओसरीवर शांतता पसरली. मग शेठजी म्हणाले, "दर संवत्सरीला मी दोन-दोनशे पत्रे लिहिली. पुणे, मुंबई, चेन्नई. व्याही, मेहुणे, व्यापारी, ज्यांना मी वर्षभरात एकदाही दुखवले नाही त्यांचीही क्षमा मागितली. समोरच्या दारी मात्र कधी गेलो नाही. ते जैन नाहीत, त्यांना मिच्छामि दुक्कडम् काय कळणार, असे मनाला सांगत राहिलो. आणि त्याच दारी माझ्या गुरूंना भिक्षा मिळत राहिली."

कार्तिकी पौर्णिमेला दोनच दिवस राहिले होते. दुकानातला माल तिसगावच्या एका व्यापाऱ्याने उचलला होता. तराजू तेवढा राहिला होता. घराला गिऱ्हाईक लागले होते; मोबाईलच्या दुकानासाठी कोणी जागा मागत होते. मुलाचा रोज फोन येत होता.

त्या संध्याकाळी शेठजी प्रतिक्रमणाच्या आधी, उजेड असतानाच, समोरच्या दारी गेले. नात बरोबर होती. आजी ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी घोंगडी झटकून टाकली. शेठजी बसले नाहीत. हात जोडून उभ्याउभ्याच म्हणाले, "अक्का, तुमच्या शेताचा माझ्या आजोबांनी घास केला. ते मला ठाऊक होते आणि मी कधी बोललो नाही. मला क्षमा करा."

आजी जराशा गोंधळल्या. मग शेंगांची टोपली बाजूला सारून म्हणाल्या, "शेठ, आता कशाला उकरायचं ते? त्यातलं निम्मं तर रस्ता रुंद केला तवा गेलं. राहिलेलं नातू बघतो, अन् नातू गेला ऊसतोडीला." थोडे थांबून त्या पुढे म्हणाल्या, "पर बरं झालं बोललात. माझ्या सासऱ्यानं ऐकायला पाहिजे होतं."

ते शेवटचे वाक्य शेठजींच्या मनाला लागले. क्षमा मागितली, मिळालीही. पण ज्याची मागायची होती तो माणूस ती ऐकायला उरला नव्हता. ते तसेच उभे राहिले. आजींनीच विचारले, "तुम्ही गेल्यावर त्या पांढऱ्या कपड्यातल्या बाया येतील का नाही? पौर्णिमा झाली की निघतात म्हणं."

"येतील, पण उतरतील कुठे? ओसरीला कुलूप असेल."

"किल्ली ठेवा की माझ्यापाशी."

शेठजींनी सगळे समजावून सांगितले. किल्ली नुसती ठेवून भागणार नाही. साध्वी दारी आल्या की राहण्याची आज्ञा तुम्ही द्यायची. पण मग शय्यातर तुम्ही व्हाल आणि तुमच्या घरची भाकरी त्यांना चालणार नाही. एवढी वर्षे दिलीत, आता ते पुण्य दुसऱ्यांकडे जाईल.

आजी खळखळून हसल्या. "मग बाकीची घरं देतील. माझ्याकडं छप्पर, त्यांच्याकडं भाकर. तुमच्याकडं व्हतं तसंच की."

घर विकले गेले नाही. मुलाला ते पटवायला दोन फोन आणि नातीची बरीचशी रदबदली लागली. पुढची खोली मोबाईलच्या दुकानाला भाड्याने दिली. मागची ओसरी आणि तिच्या शेजारची खोली तशीच राहिली. दिवाळीला दरवर्षीप्रमाणे नवी वही पूजनासाठी आणली होती, पण तिच्यात जमाखर्च घालायचा नव्हता म्हणून ती कोरीच पडली होती. निघण्याच्या आदल्या दिवशी शेठजींनी तिच्या पहिल्या पानावर 'श्री महावीराय नमः' लिहिले आणि खाली गावातल्या सहा घरांची नावे लिहिली. प्रत्येक नावापुढे घर कोणत्या आळीला, दारात कुत्रे आहे की नाही, सकाळचा स्वयंपाक किती वाजता होतो, ऊसतोडीच्या हंगामात घर उघडे असते की बंद. जुन्या खतावणीत याच घरांपुढे ज्वारी आणि रॉकेल लिहिलेले होते. आता येणे काहीच लिहायचे नव्हते. वही आजींच्या घरी देवाजवळ ठेवली गेली.

नातीचा प्रकल्प पुण्यात पूर्ण झाला. लोकसंख्येचा तक्ता तिने जनगणनेतला घेतला, दळणवळणाचा तक्ता स्वतः केला. त्यात बैलगाडी होती, एस.टी. होती, ऊसतोडीची ट्रॉली होती; आणि शेवटच्या ओळीत, वाहन या रकान्याखाली, तिने लिहिले होते : पायी. शिक्षकांनी त्या ओळीपुढे प्रश्नचिन्ह काढले. तिने ते पुसले नाही.

मार्गशीर्षात विहाराच्या पुस्तिकेची नवी आवृत्ती काढण्यासाठी कार्यकर्त्यांचा शेठजींना पुण्यात फोन आला. गावाची ओळ काढून टाकायची का, असे ते विचारत होते. तिथे आता आपले कोणी नाही, मधले अंतर सरळ जोडून टाकू. ते अंतर जोडले असते तर साध्वींना एका सकाळी जवळजवळ बावीस किलोमीटर महामार्गाच्या कडेने, भरधाव ट्रकांच्या शेजारून, चालावे लागले असते.

"ओळ काढू नका," शेठजी म्हणाले. "लिहून घ्या. जैन घरे, शून्य. उतरण्यास जागा आहे. आज्ञा समोरच्या घरी मागावी. गोचरी होते."